रंग सांगा, मावशी

“जयभीम मावशी, रंग सांगा!” दुकानाच्या पायरीवरूनच ती ओरडायची. एका हातात चिमुकली सीलबंद बाटली, दुसऱ्या हातात जांभळ्या उजेडाची बॅटरी. बॅटरी मारली की बाटलीतलं रसायन असं पेटायचं म्हणता! गिऱ्हाईक अर्धी बांगडी चढवून तसंच बघत बसायचं.

नांदेडात माझं बांगड्यांचं दुकान. ती रेणापूरची. माझ्या माडीवर भाड्यानं राहायची आणि विद्यापीठात दिव्यांसाठी, टीव्हीच्या पडद्यांसाठी उजेड देणारे कण बनवायची.

“माल एकच, मावशी. कण मोठा ठेवला की हिरवा, लई बारीक केला की निळा.”

“आमची बांगडी सव्वादोनच्या मापाची घे न्हाईतर अडीचच्या, रंग तोच. तुझं उलटंच हाय बाई!”

मी आपली आमची नावं द्यायची. पोपटी, मोरपंखी, शेंदरी. तीच नावं ती चिठ्ठीवर लिहून बाटल्यांवर चिकटवायची. तिचे सर म्हणे वैतागायचे.

निळ्यानं मात्र तिला रडवलं. टिकायचाच नाही. एकदा जमला म्हणून धावत आली. मी बघितलं. “हा तर विझून राहिला गं.” पोरीचं तोंडच उतरलं.

तेवढ्यात एका नवरीची आई चुडा परत घेऊन आली. “कासारीणबाई, उद्या हळद हाय आन् हिरव्यात निळ्या बांगड्या घातल्यात तुम्ही!”

पोरीनं बांगड्या बघितल्या, बाटली बघितली, मग मला. “मावशी, बाटली चांगली हाय. डोळा दाखवायला पायजे.”

डोळा गेला तर दुकान गेलं, या भीतीनं धूसर दिसतंय हे मी कुणाला बोलले नव्हते बघा. तिला म्हटलं, “नको गं, राहू दे.”

“मोतीबिंदू असंल, त्यात निळा मळकट दिसतो. घाबरता कशाला? मी हाय ना.”

लातूरच्या दवाखान्यात तिची आत्या नर्स होती. तिथंच ऑपरेशन झालं. पट्टी निघाली त्या सकाळी ही पहिल्या एसटीनं हजर. जुना निळा उडून गेलेला, म्हणून माझ्यासाठी ताजा बनवून आणलेला. डॉक्टरांना विचारून, बॅटरीचं तोंड माझ्या डोळ्यांपासून बाजूला फिरवून तिनं बाटली धरली.

“रंग सांगा, मावशी.”

काय सांगू? “ह्याला आमच्यात नाव न्हाई गं.”

“मग कोरीच ठेवू चिठ्ठी,” म्हणाली, आणि डोळे पुसायला तिकडं तोंड केलं.

आता ती कोरियात नोकरीला आहे. बाटली माझ्या फळीवर. निळा केव्हाच उडाला, आत नुसतं फिकट पाणी.

“ही कशाला ठेवली?” गिऱ्हाईक विचारतं.

“असू दे,” मी म्हणते, आणि हिरव्या चुड्यात चुकून आलेली निळी बांगडी वेचून बाजूला ठेवते.