चीक फेकायचा नाही

माझी नातसून नेकनूरच्या सरकारी दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी झाली, आवाज खणखणीत. मी साखरेचं पाणी आणि कापसाचा बोळा घेऊनच गेले होते. पोहोचल्याबरोबर पदर खोचला आणि बोळा भिजवला.

आमच्यात पहिले तीन दिवस आईचं दूध देत नसत. ते पिवळं, चिकट असतं, त्यानं लेकरू आजारी पडतं, असं मला सासूनं सांगितलं होतं. तिला तिच्या सासूनं सांगितलं असणार. मी चारही लेकरांच्या वेळी ते पिळून फेकलं आणि पुढं गल्लीतल्या बाळंतिणींनाही फेकायला लावलं. का, ते कुणी विचारलं नाही. मीही नाही.

नर्सबाई म्हणाल्या, "आजी, ते पाणी ठेवा बाजूला. आत्ता अंगावर पाजायचं."

"तुमी कालच्या पोरी. तीन दिवस न्हाई पाजत."

लेकरू रडून लालबुंद झालं. खाटेवरून नातसून म्हणाली, "आजी, परवा आपली शेळी व्याली. करडू उठंना, तव्हा तुमी काय केलं?"

"काय म्हंजी? सड तोंडात दिला."

"कावून?"

"चीक पोटात गेल्याबिगर करडू जगतं व्हय?"

"मग माझ्या लेकीनं काय घोडं मारलंय?"

शेजारच्या खाटेवरची बाई पोट धरून हसली. नर्सबाईही हसल्या. मी बोळा बाजूला ठेवला. सारा जन्म शेळ्यांमागं गेला. करडाला चीक पाजल्याशिवाय मी कधी भाकरीला हात लावला नाही, आणि माणसाच्या लेकराचा तेवढा मोरीत ओतला.

"पाज मग. माझ्या तोंडाकडं काय बघतीस?" मी म्हणाले.

पोरगी अशी चिकटली की सोडेना. साखरेचं पाणी मीच पिऊन टाकलं. तहान लई लागली होती.

गेल्या महिन्यात समोरच्या घरातल्या सुनेचे दिवस भरले. मी आपण होऊन गेले आणि तिच्या सासूला सांगितलं, "चीक फेकू नकोस."

"मावशी, थोरल्याच्या वेळी तर तुमीच फेकायला लावला!"

"लावला. तव्हा मला अक्कल नव्हती."

"आन आता आली व्हय?"

"आता आली. हसतीस काय? फेकलास तर गाठ माझ्याशी हाय."

चार दिवसांनी त्यांची जीप दारात थांबली. लेकरू कुशीत धरून ती सासू उतरली आणि मुलगा की मुलगी ते सांगायच्या आधीच गल्लीभर ओरडली, "पाजला हो मावशी!"