ऊन वर, मासा खाली

फुकटची मासळी स्वतःच्या पायांनी तुमच्या दारात चालत आली, तर तुम्ही काय कराल? खरं सांगा. घाबराल? कसले घाबरताय! पातेलं शोधाल.

आमच्या धक्क्यावर त्या सकाळी हेच झालं. खेकडे पाणी सोडून वर आले होते. पायऱ्यांवर, लोखंडी शिडीवर, होड्या बांधायच्या दोरांवर, जिथे नांगी अडकेल तिथे खेकडे, एकमेकांच्या पाठीवर चढलेले. हात लावला तरी पाण्यात उडी मारत नव्हते. लोक बादल्या घेऊन धावले, पोती घेऊन धावले, एकाने तर मुलाचं दप्तर रिकामं करून आणलं.

"आज समुद्राने तिजोरी उघडलीय!" बर्फवाला ओरडत होता.

शेजारीण शिंपिणीला म्हणाली, "तोंड पाडून काय उभी आहेस? उचल की! तुझ्या सासऱ्याने मोजून ठेवलेत का?"

शिंपीण एकाच खेकड्याकडे बघत होती. तो पाण्याच्या रेषेच्या बोटभर वर बसून तोंडातून फेस काढत होता, आणि लाट पायाला लागली की आणखी वर सरकत होता.

"हा पाण्याला भितोय गं," ती म्हणाली. "माझ्यासारखाच."

सगळे खो खो हसले. हसणारच. पाण्यावर पोट भरणारी आणि पाण्याला भिणारी अशी आमच्याकडे ती एकटीच.

शिंपीण हे तिचं टोपणनाव. डोंगराकडच्या एका शिंप्याची ही पोर. लग्न होऊन आली तेव्हा गुडघाभर पाण्यात उतरतानाही नवऱ्याचा शर्ट घट्ट धरायची. नवरा मालवाहू जहाजावर इंजिनात कामाला. घरी पाहुण्यासारखा येणार, पाहुण्यासारखा जाणार. घर म्हणजे जाळ्यांच्या गोदामावरची एक खोली. खिडकीत वाळत घातलेले रबरी हातमोजे, कोपऱ्यात खाद्याची पोती, आणि कितीही पुसलं तरी फरशीवर मिठाचा पांढरा डाग. सासऱ्यांचा धंदा मासे पाळण्याचा. निळ्या पिंपांवर फळ्या ठोकून केलेला तराफा, त्याखाली दोरांवर सोडलेले जाळीचे चार पिंजरे, पिंजऱ्यांत बोटाएवढ्या पिल्लांपासून वाढवलेले मासे.

सासऱ्यांचा गुडघा गेला तेव्हा त्यांनी सुनेला हाक मारली. "शिवण येतं ना? मग जाळं म्हणजे भोकांचं कापडच की. कर सुरुवात."

तिने केली. तिने नीट टाके घातलेली जाळी बघायला इतर तराफेवाले यायचे. पण भीती गेली नाही. कमरेला दोर बांधून त्याचं दुसरं टोक तराफ्याच्या खांबाला अडकवल्याशिवाय ती फळीवर पाय ठेवायची नाही. तिचा दीर पाणबुड्या, पिंजऱ्यांखालची वजनं तपासायला बुडी मारणारा. तो चिडवायचा, "वहिनी, तुम्हाला दावणीला कुणी बांधलं?"

"तुमच्या भावाने," ती म्हणायची. "आणि स्वतः गेला चरायला."

हसत म्हणायची, पण त्या वर्षी त्या हसण्यात आशा होती. त्या वेळचे मासे पिल्लांपासून तिने एकटीने वाढवलेले. ते नीट विकले गेले की नवरा जहाज कायमचं सोडणार होता, तराफ्यावर तिच्या शेजारी उभा राहणार होता. मासे तयार होते. गिऱ्हाईक त्याच आठवड्यात येणार होतं.

आणि खेकडे आले त्याच दुपारी वारा मेला. समुद्र स्टीलच्या ताटासारखा सपाट. पिंजऱ्यांतले मासे वरच्या जाळीशी गोळा झाले, तोंडं उघडी, कल्ले भराभर हलतायत. सासरे तराफ्यावरच्या खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत.

"उकडतंय त्यांना. सोड खाली. ऊन वर, मासा खाली."

हा त्यांच्या घराण्याचा मंत्र. त्यांच्या वडिलांचा, त्यांच्याही वडिलांचा. खाली पाणी गार असतं, मासा सुखात राहतो. पिढ्यान्‌पिढ्या खरा ठरलेला, म्हणून कुणी तपासत नव्हतं.

"बाबा, पण मग खेकडे वर का आले?"

"ते खेकड्यांना विचार. तू मासे पाळतेस."

तिने पिंजऱ्यांचे दोर सोडायचा-ओढायचा रहाट फिरवला. एकेक करून चारही पिंजरे खाली गेले. दीर वजनं बघायला पाण्यात उतरला आणि एरवीपेक्षा फार लवकर वर आला. तोंडावरचा मास्क त्याने ओढून काढला.

"वहिनी, वर ओढा."

"काय झालं?"

"आधी ओढा! आडवे पडलेत. मासे आडवे पडलेत."

"पाणी गार आहे ना खाली?" सासऱ्यांनी विचारलं.

"गार आहे, बाबा. मढ्याइतकं गार आहे. माझ्या पाठीवर हवेची टाकी होती म्हणून मी परत आलो. त्यांच्या पाठीवर काय आहे?"

सासऱ्यांनी रहाटाच्या दांड्यावर हात ठेवला. दांडा ते सोडत नव्हते. "या उन्हात वर आणलंस तर शिजतील सगळे. ऐक माझं."

शिंपीण मला, तिच्या या शेजाऱ्याला, नंतर म्हणाली, त्या क्षणी पाण्याची भीतीसुद्धा विसरले. कोणाचं ऐकायचं? चूक झाली तर नवरा समुद्रावरच राहणार.

"बाबा, शिजायला वेळ लागतो," ती म्हणाली. "गुदमरायला लागत नाही. हात काढा."

सासऱ्यांना असं कुणी बोललं नव्हतं. त्यांनी हात काढला. तिच्या कमरेचा दोर रहाटात अडकायला लागला, तो तिने सोडून फेकला आणि दोन्ही हातांनी ओढू लागली. पहिला पिंजरा वर आला तो पांढराफटक. पोटंच पोटं. दुसऱ्यात अर्धे हलत होते. दिराने इंजिन सुरू करून होडी तराफ्याभोवती गोल गोल फिरवली, पाणी घुसळलं. ती आणि सासरे बादल्यांनी उंचावरून पाणी ओतत राहिले, हवा मिसळावी म्हणून. उरलेले दोन पिंजरे वाचले. कसेबसे.

हे का झालं, ते मी कुठल्या पदवीसाठी शिकलेलो नाही, वाचून आणि विचारून शिकलोय. सोड्याची बाटली उन्हात ठेवा, मग उघडा. वायू भसकन निघून जातो. समुद्राचंही तसंच. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो, आणि तापलेल्या माशाला तो जास्त लागतो. वरचं तापलेलं पाणी हलकं, ते झाकणासारखं वरच बसतं. खालच्या गार पाण्याला हवा मिळत नाही, तळाला कुजणारी घाण तिथला उरलासुरला श्वासही खाऊन टाकते. म्हणून खेकडे पळाले. म्हणून मोकळ्या समुद्रातले मासेही कधीकधी वरच्या पातळ थरात दाटीने कोंडले जातात, जाळी भरभरून निघतात, आणि बाजारात शहाणे लोक टाळ्या पिटतात, मासे वाढले हो! अरे, वाढले नाहीत. आग लागलेल्या घरातली माणसं दाराशी जमतात, त्याला तुम्ही जत्रा म्हणता का?

नवऱ्याचा जहाजावरून फोन आला. "किती वाचले?"

"निम्म्याहून थोडे जास्त."

इंजिनाच्या आवाजातून तो म्हणाला, "ठीक आहे. पुढच्या वर्षी येतो."

"पुढच्या वर्षी हे खालचं मेलेलं पाणी कुठवर चढलेलं असेल, कुणाला माहीत?" ती म्हणाली. तिने फोन ठेवला.

मेलेले मासे सासऱ्यांनी स्वतः वेचले, कुणाला हात लावू दिला नाही. शेवटची टोपली भरून झाल्यावर सुनेकडे न बघता म्हणाले, "वर तवा, खाली कबर. मधे जागा किती राहिली, ते सांग."

तिला सांगता येत नाही. हीच तिची भीती आहे आणि आता माझीही. रोज सकाळी ती भोकं पाडलेल्या डब्यात एक लहान मासा दोरावरून खाली सोडते, थांबते, वर काढते. जिवंत आला तर पिंजरे तेवढे खाली. कधी डबा तिच्या उंचीइतका खाली जाऊनही मासा तडफडत जिवंत येतो. कधी फळीच्या जरासा खाली जाऊन मेलेला येतो. पाणी सकाळी एक असतं, दुपारी दुसरं. दिवसभर डबे सोडत बसली तर विकायला मासे उरणार नाहीत, आणि एक दुपार जरी चुकली तर पिंजरे उरणार नाहीत. बंदराच्या कार्यालयात तीनदा गेलो. पंख्याखाली बसलेला साहेब म्हणाला, "असं पाण्याचं माप घ्यायची आमच्याकडे सोय नाही." सोय नाही! बोलताना जीभ झडली नाही त्याची.

म्हणून तुम्हाला सांगतोय. तुमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत, बंद पडलेल्या कोळंबीच्या तळ्यावर, कुठल्या ऑफिसच्या कपाटात पाण्यातला ऑक्सिजन मोजायचं मीटर धूळ खात पडलं असेल, तर ते आम्हाला द्या. जुनं चालेल, फक्त वायर लांब हवी, तळापर्यंत जाणारी. धक्क्यावर या, शिंपिणीचा तराफा कुठला ते कुणालाही विचारा, आणि मीटर तिच्या हातात ठेवा. हळहळ नको, फोटो नको. मीटर द्या, आणि पुढचं ऊन तापायच्या आत द्या.