‘पुअर’च्या पुढचा शब्द

टाइप करताना अडले, की सलीमभाई दोन्ही हात मांडीवर ठेवायचे. एका सरकारी कचेरीच्या फाटकाशी, आतल्या बाजूला त्यांचं टेबल होतं. अर्जात कुणी कशाचंही इंग्रजीत वर्णन घातलं, की बोटं थांबायची. “दाखव,” म्हणायचे. “पाह्यल्याबिगर टाइप नाई करत मी.”

पहिल्याच भेटीत त्यांनी माझी जिरवली. आमच्या डोंगरावर लोखंडाची खाण येणार होती. ग्रामसभेचा विरोध मी इंग्रजीत लिहून नेला होता. चळवळीची पत्रकं लिहिणारा हात माझा; सुरुवातच ठोकली होती : आम्ही पुअर लोक, आमचं पुअर जंगल.

हात मांडीवर.

“पुअर काऊन लिहिलं वं पोरी?”

“गरीब आहोत म्हणून. वाचून साहेबांना दया येईल.”

“साहेबाची दया लई महाग पडते. तीस वर्सं न पाह्यता हेच टाइप केलं मी, मंग सोडलं. माती पुअर, झाडं पुअर, लोकं पुअर. त्याच्या पुढं कोणता शब्द येते, माहे बोटंच सांगते.”

“कोणता?”

“हटवा.”

मला राग आला. कारण ते खरं होतं.

रविवारी ते माझ्या गाडीवर मागे बसून गावात आले. मोहाच्या झाडाखाली बाया जमल्या. त्यातल्या सोमीबाईनं विचारलं, “सलीमभाऊ, पुअर म्हंजे काय जी?”

“जिथी काई नाई, ते.”

तिनं टोपली त्यांच्यापुढे उपडी केली. चारोळी, हिरडा, बेहडा, डिंक. “मंग हे काय तुह्या टकल्यावर उगवलं?”

सगळ्यांत मोठ्यानं हसले ते सलीमभाईच. दिवसभर बाया नावं सांगत राहिल्या, ते लिहीत राहिले. अर्ज अकरा पानांचा झाला. त्यात ‘पुअर’ एकदाही नव्हता.

महिनाभरानं कचेरीतल्या एका साहेबानं त्यांना आमच्या डोंगराचा अहवाल टाइप करायला बसवलं. जंगलाचा दर्जा : पुअर. सलीमभाईंनी हात मांडीवर ठेवले. “दाखवा साहेब.” साहेब डोंगरावर फिरकलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी सलीमभाईंचं टेबल फाटकाबाहेर पडलेलं होतं. त्यांनी ते उचललं आणि रस्त्यापलीकडे, कडुनिंबाखाली मांडलं. “इथून फाटक चांगलं दिसते,” म्हणाले.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. मातीला आमचं अख्खं गाव आलं होतं.

परवा खाणीची जनसुनावणी झाली. तेच साहेब माइकवर तोच अहवाल वाचत होते. ‘पुअर’ आला आणि पहिल्या रांगेत सोमीबाई उठली.

“दाखव.”

मग तिच्या मागची रांग उठली. मग त्यामागची. अख्खा मांडव उभा राहिला, “दाखवा साहेब, दाखवा!”

साहेब घाईघाईनं पान उलटून पुढचा शब्द शोधू लागले.

शोधा म्हणावं. तो आम्हाला कधीचा ठाऊक आहे, आणि आम्ही जागचे हलत नाही.