अप्पांची टोपी आणि झेंडूचा हार

माझे सासरे वारले तेव्हा मी श्रीखंड-पुरी खाऊन झोपलो होतो. हे वाक्य माझं नाही. खुद्द सासरेच ते पुढे कित्येक वर्षं आल्यागेल्याला ऐकवत राहिले.

झालं ते चित्रकलेमुळे. पुण्यात तेव्हा कॉम्प्युटरच्या कंपन्या नव्याने उगवत होत्या आणि मी त्यांतल्याच एकीच्या बसमध्ये बसून कोथरूडहून हिंजवडीला जात होतो. आमचा ताण घालवायला कंपनीने एकदा एक तज्ज्ञ बोलावला. (त्याच्या भाषणापायी शनिवारची सुट्टी गेली, तो ताण वेगळा.) तो म्हणाला, रोज थोडा वेळ स्वतःसाठी काढा. बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि विसरले. मी गॅलरीतल्या कपडे वाळत घालायच्या दोऱ्या सोडल्या, तिथे ईझल मांडलं आणि रोज सकाळी एक चित्र काढायला लागलो.

ओले कपडे त्यामुळे हॉलमध्ये आले. चित्रंही हॉलमध्येच आली. दोन्हींपैकी काय लवकर उतरवायचं, याबद्दल घरात एकमत होतं, फक्त मला कोणी विचारत नव्हतं.

माझी बायको नंदा तशी सौम्य आहे.

"अहो, आजचं छान आलंय. बैल ना?"

"पर्वती आहे ती."

"हो का. मला शिंगं वाटली."

तिचे वडील, अप्पा, सौम्य नव्हते. नारायण पेठेत राहायचे, आणि जन्मभर शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. हात मागे बांधून त्यांनी माझी सगळी चित्रं पाहिली आणि म्हणाले, "श्रीकांतराव, रोज काढता हे चांगलंच. माणूस दाढीही रोज करतो. निघालेले केस भिंतीवर लावत नाही."

मला ते फार लागलं. मी म्हणालो, "अप्पा, मी तुमचंच चित्र काढून दाखवतो."

"काढा. दसऱ्याला संध्याकाळी सोनं द्यायला येईन, तेव्हा बघू. तुमच्या सोसायटीतल्या एका जरी माणसाने मला ओळखलं, तर माझी रंगांची पेटी तुमची. नाही ओळखलं, तर गॅलरीत परत दोऱ्या."

ती सागवानी पेटी! तिला त्यांनी पोटच्या मुलीलाही कधी हात लावू दिला नव्हता. मला पेटी हवी होतीच, पण त्याहून जास्त हवं होतं ते या माणसाच्या तोंडून एकदा 'बरं जमलंय' हे ऐकणं.

पुढच्या रविवारी अप्पा समोर बसले, पण चहा होईपर्यंतच. मग उठले आणि डोक्यावरची काळी टोपी माझ्या हातात दिली. "ही ठेवून जातो. ही हलणार नाही."

चेहरा जमेल तसा जमला. पांढरे केसही आले. टोपी मात्र काही केल्या येईना. डोक्यावर ठेवली की पातेलं पालथं घातल्यासारखी दिसायची. शेवटी चित्रातले अप्पा बोडकेच ठेवले आणि खरी टोपी ईझलच्या कोपऱ्यावर अडकवून दिली. दसऱ्याच्या दिवशी पहाटे मी शेवटचा हात फिरवला, ईझल उचलून हॉलमध्ये दारासमोर आणून ठेवलं आणि सुटलो.

आता दसऱ्याला आपण ज्याच्यावर पोट चालतं त्याची पूजा करतो. नंदाने स्कूटरला हार घातला, कॉम्प्युटरला घातला, मिक्सरला आणि इस्त्रीलाही घातला. झेंडूचा एक लांबलचक हार उरला. तिच्या मनात आलं, नवऱ्याचं ईझल तेवढं उपाशी का ठेवा? तिने तो हार ईझलला घातला, मधोमध कुंकू लावलं, समोर पाटावर निरांजन आणि उदबत्ती लावली, नमस्कार केला आणि स्वयंपाकघरात गेली. मी तेव्हा श्रीखंडामुळे या जगात नव्हतो.

दुपारी तळमजल्यावरच्या पानसेकाकू आपट्याची पानं घेऊन आल्या. दार उघडंच होतं. समोर अप्पांची टोपी, खाली हार घातलेला चेहरा, तेवत असलेलं निरांजन. आतून नंदा पदराने डोळे पुसत बाहेर आली. (अप्पांना कांदाभजी आवडतात म्हणून ती परातभर कांदे चिरत होती.) तेवढ्यात मीही सुजलेल्या डोळ्यांनी उठून आलो.

काकू चित्राकडे बघत हळूच म्हणाल्या, "कधी झालं हो?"

मी खूश झालो. चित्राची चौकशी आजवर कोणी केली नव्हती. "आज पहाटेच."

"त्रास झाला का फार?"

"शेवटी शेवटी नाकाने फार छळलं. पण सुटलो एकदाचा."

काकूंनी सोन्याची पानं परत पिशवीत टाकली आणि काही न बोलता निघून गेल्या. मी नंदाला म्हणालो, "बघ, बाईंना शब्द सुचेना."

थोड्या वेळाने खाली लागलेली दसऱ्याची गाणी अचानक बंद पडली. मग सोसायटीचे अध्यक्ष देवधर आले, पांढऱ्या सदऱ्यात. मागोमाग सगळ्या मजल्यांवरची माणसं आली, तीही पांढऱ्यात. चपलांचा ढीग जिन्यापर्यंत गेला. सगळे सतरंजीवर मांडी घालून चित्राकडे बघत बसले. मला वाटलं, माझं पहिलं प्रदर्शन भरलंय! हातात डबा घेऊन पानसेकाकू परत आल्या. पिठलं-भाताचा वास सुटला. दसऱ्याला पिठलं का, हे मला कळेना.

"देवधर, सोनं नाही आणलंत?" मी विचारलं.

देवधर माझ्याकडे बघतच राहिले. "सुतकात सोनं देत नाहीत, श्रीकांत."

"जावयाला सुतक नसतं," काकू म्हणाल्या.

"लेकीला असतं ना? घर एकच आहे."

दोघांची चांगलीच जुंपली. शेवटी देवधर माझ्याकडे वळून म्हणाले, "ते राहू द्या. वैकुंठात कधी न्यायचं ठरलंय?"

"कोणाला?"

त्यांनी नुसता हात केला. मी त्या हाताच्या दिशेने बघितलं आणि उठल्यापासून पहिल्यांदाच मला तो हार दिसला. कुंकू दिसलं. निरांजन दिसलं. आपण काय करून ठेवलंय हे नंदाच्या ध्यानात आलं तशी ती भिंतीला धरून खाली बसली. आणि खरं सांगतो, त्या भयंकर क्षणीसुद्धा माझ्या मनात एक गोष्ट लख्ख उजळली: यांनी ओळखलं! अख्ख्या सोसायटीने ओळखलं! पेटी माझी!

नेमके त्याच वेळी अप्पा जिना चढून आले. चपलांचा ढीग, पांढरे कपडे, खाली बसलेली मुलगी. त्यांचा चेहरा पडला.

"नंदा, श्रीकांतराव..." ते चपला न काढताच आत आले. मग त्यांना मी दिसलो. चांगला उभा. आयुष्यात पहिल्यांदाच मला बघून त्यांना बरं वाटलं असावं. "तुम्ही आहात? मग गेलं कोण?"

काकू डबा घेऊन दोन पावलं मागे सरकल्या.

"तुम्ही, अप्पा," मी म्हणालो.

देवधर अर्धवट उठले आणि तसेच खाली बसले. मी कसाबसा सगळा प्रकार सांगितला. अप्पांनी तो शेवटपर्यंत ऐकला, निरांजन फुंकून विझवलं आणि काकूंना म्हणाले, "पिठलं आणलंच आहे तर वाढा. स्वतःच्या मयताचं जेवायचा योग सगळ्यांना येत नाही."

ते पाटावर बसून खरंच जेवले. आम्ही सगळे शाळेतल्या पोरांसारखे समोर बसून होतो. पिठल्याला मीठ कमी असल्याचंही त्यांनी नोंदवलं. मग मी धीर केला.

"अप्पा, झालं ते वाईट झालं. पण लोकांनी ओळखलं, हे तर खरं?"

"तेच विचारतो." ते काकूंकडे वळले. "बाई, मी गेलो हे तुम्हाला कशावरून कळलं?"

"हारावरून," काकू म्हणाल्या.

"आणि गेला तो मीच, हे?"

काकूंनी एकदा माझ्याकडे दयेने पाहिलं. "टोपीवरून."

अप्पा उठले. ईझलवरची टोपी काढून त्यांनी आपल्या डोक्यावर ठेवली आणि बाजूला सरकले. "आता बघा."

सगळ्यांनी बघितलं. फार वेळ बघितलं.

"आता तसं अवघड आहे," देवधर म्हणाले.

अप्पांनी खिशातून आपट्याचं पान काढून माझ्या हातावर ठेवलं. "पेटी राहू द्या माझ्याकडे. तूर्तास माझा जायचा विचार नाही." आणि ते गेले.

माणसं पांगली. नंदा कपाटातून दोऱ्या काढायला आत गेली. हार काढायचं आणि कुंकू पुसायचं भान मात्र कोणालाच राहिलं नव्हतं. मी चित्रासमोर बसून होतो, तेवढ्यात वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारा, माझ्याच कंपनीतला वानखेडे दारात आला. अमरावतीचा पोरगा, सणालाही पाळी लागलेली, नुकताच कामावरून परतलेला. आत बघितलं आणि चटकन बूट काढून हात जोडले.

"आत्याबाई होत्या का जी, सर?"

मला आत्या नाही. सख्खी नाही, चुलत नाही, मानलेलीसुद्धा नाही. तरी मी मान खाली घालून "हो" म्हणालो. चित्रात माणूस आहे, एवढं तरी त्याने ओळखलं होतं.