आजकालचे पोट्टे

घरच्या ग्रुपवर मी एक जोक फॉरवर्ड केला: ‘आमची पिढी पट्ट्याचा मार खाऊन हसायची. आजकालच्या पोट्ट्यांना नुसतं रागावलं तरी डिप्रेशन येतं.’ भावानं हसून लोळणारे चेहरे टाकले. माझी मुलगी ग्रुपमधून बाहेर पडली. गेले काही महिने ती नीट जेवत-बोलत नव्हती, हे ठाऊक असून मी तो पाठवला होता. तिनं फोन उचलला नाही, तेव्हा सीताबर्डीचं ऑफिस सोडून मी घरी धावलो. तिची खोली आतून बंद होती.

“बेटा, दार उघड नं.”

“काहून? आणखी एक जोक सुचला काय, बाबा?”

आवाज तरी आला. दार उघडलं नाही. ती पुन्हा काही बोलावी, टोमणा का होईना, म्हणून मी दाराला कान लावून तिथंच बसलो.