रजत दादाजी, लामता

गीताबाई गजभियेचा कोणावर म्हणून विश्वास नव्हता, आणि त्याची तिला लाजही नव्हती. भाजीवाल्याचा काटा ती खाली वाकून बघायची. शेजारणीनं उसनी नेलेली साखर परत आणली की ती ओलसर तर नाही ना, म्हणून चिमटीत धरून बघायची. विहारातून बाहेर पडताना पायातल्या चपला आपल्याच आहेत ना, हे दोनदा तपासायची. नवरा तिला दरोगाबाई म्हणायचा आणि ती ते कौतुक समजून घ्यायची.

बालाघाटच्या बसस्टँडमागच्या गल्लीत चिंतामणराव काकाजींचं चष्म्याचं दुकान होतं आणि दुकानामागं काचा घासून बसवायची खोली. गावोगावी डोळ्यांची शिबिरं व्हायची, नंबर इथं यायचे आणि तयार चष्मा शेवटी यायचा गीताबाईच्या टेबलावर. काच पुसायची, नंबर ताडून बघायचा, दांड्यांमध्ये मऊ कागद घालायचा, चष्मा डबीत, डबी खोक्यात, खोक्यावर नावाची चिठ्ठी आणि चिठ्ठीवर चिकटपट्टी. मग त्या त्या गावाची थैली बसनं तिथल्या औषधाच्या दुकानात जायची, आणि लोक आपापला चष्मा तिथून घेऊन जायचे. इतक्या वर्षांत तिच्या हातून एक डबी इकडची तिकडे झाली नव्हती. काकाजी आल्यागेल्याला सांगायचे, गीताबाई हाय म्हणून मी झोपतो. हे ऐकलं की बाई दिवसभर ताठ मानेनं वावरायची.

आणि अशात रजतचा फोन आला. हा लामत्याचा पोरगा, बैहरला रोपवाटिकेत कामाला, तिथंच खोली करून राहणारा. त्यानं उन्हात आपोआप काळी होणारी काच घेतली होती, वर सोनेरी फ्रेम. त्या थैलीतला सगळ्यात महागडा चष्मा तोच. तो म्हणाला, महिना होत आला, चष्मा कुठाय? लामत्याच्या दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, रजतच्या नावाचं इथं काही पडून नाही, थैलीतलं सगळं वाटून झालं. रजतनं काकाजींना नको नको ते ऐकवलं आणि शिबिरवाल्यांकडे तक्रार करतो म्हणाला. शिबिरवाले गेले की दुकानात राहतं काय? धूळ!

गीताबाईच्या मनात पाल चुकचुकली ती थेट पिंकीच्या नावानं. पिंकी ही हाताखाली आलेली नवी पोरगी. मराठी समजायची, पण बोलायची हिंदीच. गीताबाईला आंटी म्हणायची आणि काम करताना गुणगुणायची. ज्याला काही लपवायचं नाही तो गुणगुणतो कशाला, हा बाईचा पहिला मुद्दा. दुसरा मुद्दा जरा भक्कम होता: तो सोनेरी चष्मा पिंकीनं डोळ्यांवर चढवून आरशात बघितला होता. हे बाईनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. आणि मग कळलं की पिंकीचं आजोळ लामत्याजवळच आहे. झालं! तार जुळली. पोरगी इथून पाठवते, तिथं कोणीतरी उचलतं, आणि दुकानदारही त्यातलाच.

त्याच संध्याकाळी पिंकी निघताना गीताबाईनं दारातच तिची पिशवी मागितली. काचा घासणारे दोघं तिथंच उभे होते, काकाजी गल्ल्यावर होते. बाईनं पिशवी टेबलावर उपडी केली. डबा, कंगवा, घरच्या चाव्या, वडलांच्या दम्याचं औषध. एवढंच निघालं. पिंकीनं एकेक वस्तू उचलून पिशवीत भरली आणि ती गेली. गीताबाईला वाटलं, रडली असती तर मी मानलं असतं. बघा म्हणजे! रडली असती तर म्हणाली असती, ढोंग करते.

काकाजी अडचणीत पडले. पिंकीच्या घरी कमावणारं दुसरं कोणी नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं. पण शिबिराचं काम हातचं गेलं तर सगळ्यांचीच चूल विझणार. ते म्हणाले, पुरावा आणा, मग तिला ठेवत नाही. गीताबाईला तेवढंच हवं होतं. सकाळी ती लामत्याच्या बसमध्ये बसली, आणि वाटभर दुकानदाराला कसं पकडायचं याची जुळवाजुळव करत राहिली.

दुकानदार काही पकडला गेला नाही. तो आरामात म्हणाला, रजतचा चष्मा आलाच नाही, रजतच्या दादाजींचा आला होता, बुजुर्ग माणूस म्हणून मी स्वतः घरी नेऊन दिला. गीताबाईनं मनात म्हटलं, काय पाठ करून ठेवलंय मेल्यानं. तिनं घराचा पत्ता विचारला आणि तरातरा निघाली.

रजतच्या घरी, नागदेव्यांच्या अंगणात ऊन पडलं होतं. बाजेवर एक म्हातारा बसला होता. डोळ्यांवर सोनेरी फ्रेम आणि काळ्याभोर काचा. गीताबाईनं तो चष्मा फाटकातूनच ओळखला. ती काही बोलायच्या आत म्हातारा उठला, भिंत चाचपत घरात शिरला, आणि बाई मागोमाग गेली तोवर काचा पांढऱ्या होत आल्या होत्या. आत मोतीबिंदूनं दुधाळ झालेले दोन डोळे दिसत होते.

"चष्मा नंबरी हाय, बाई," म्हातारा आपणहून म्हणाला. "पण बाहीर निघालो का रात होते. डागदरले इचारा जरा."

गीताबाईला हसूही येईना आणि रागही धरवेना. तेवढ्यात रुख्माबाई, म्हणजे रजतची आई, पाणी घेऊन आली आणि तिनं उलट बाईलाच धारेवर धरलं. शिबिरात बुढ्याले सांगतलं, आधी ऑपरेशन करा, मंग चष्मा. अन् त्याचाच चष्मा घरी आला! पोराचा काहून नाही आला अजून? बाईनं विचारलं, हा म्हाताऱ्याचा आहे असं म्हणालं कोण?

"दुकानवाला. म्हणे रजतच्या दादाजीचा हाय," रुख्माबाई म्हणाली. "म्या म्हटलं, दादाजी तं माह्या मालकाचं नाव. ते तं जाऊन तीन वर्सं झाले. तं तो हासला. म्हणे, अम्मा, हिंदीत दादाजी म्हंजे आजा."

तिनं फळीवरचं खोकं काढून दाखवलं. चिठ्ठी अजून जागेवर होती. गीताबाईच्याच अक्षरात लिहिलं होतं: रजत दादाजी, लामता. पोराचं नाव, बापाचं नाव, गाव. आडनाव नाही.

बाईनं चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली.

आडनाव ती कधीच लिहायची नाही. काकाजींनी एकदा विचारलं तेव्हा तिनं चिठ्ठी लहान आहे असं सांगून वेळ मारून नेली होती. खरं कारण वेगळं होतं. ती कामाला लागली त्या पहिल्या वर्षी एका गावात चष्मे पोचवायला गेली होती. तिथला वाटणारा माणूस प्रत्येक खोक्यावरचं आडनाव वाचायचा आणि काही खोकी हातात द्यायचा, काही पायरीवर खाली ठेवायचा. चंपाबाई नावाच्या म्हातारीनं पायरीवरून आपला चष्मा वाकून उचलला आणि पदरानं पुसला. गीताबाईनं ते बघितलं. तिचंही आडनाव पायरीवर ठेवण्यातलंच होतं. तेव्हापासून कोणाच्याच चिठ्ठीवर आडनाव नाही. कोणाचंच नाही, म्हणजे कोणाला कळायलाच नको. ही गोष्ट तिनं नवऱ्यालाही सांगितली नव्हती.

आता खोकं हातात धरून ती विचार करत होती. हे खोकं वाटेत नदीत टाकलं, चष्मा तेवढा रजतला पोचवला, तर कोण विचारणार होतं? शिबिरही टिकलं असतं, तिचं नावही टिकलं असतं. फक्त पिंकी गेली असती. मनात आलं हे, खोटं कशाला सांगा.

म्हाताऱ्यानं चष्मा आपल्या हातानं काढून दिला. "मंग मले काईच नाही काय?" त्यानं विचारलं. गीताबाई म्हणाली, ऑपरेशन होऊ द्या बुवाजी, तुमचा चष्मा म्या सोता घेऊन येईन. आणि ते तिनं मनापासून म्हटलं.

दुपारी तिनं खोकं काकाजींच्या गल्ल्यावर ठेवलं आणि पिंकीला जवळ बोलावलं. काचा घासणाऱ्यांनाही बोलावलं, कारण पिशवी त्यांच्यासमोर उपडी झाली होती.

"चूक माही हाय," ती म्हणाली. "या पोरीची नाही."

मग चंपाबाईपासून सगळं सांगितलं. काकाजींनी खोकं जवळ ओढून चिठ्ठी वाचली. त्यांच्या आडनावाला कधी कुठली पायरी आडवी आली नव्हती, त्यामुळे ते कामाचंच बोलले. म्हणाले, आडनाव नकोच, वय लिहीत जा. रजत दादाजी, वय सव्वीस. कोणी आजा समजणार नाही. गीताबाईनं मान हलवली आणि तिथंच नवी चिठ्ठी लिहिली. पिंकीनं ती खोक्यावर नीट बसवली, वर पट्टी ओढली आणि म्हणाली, "ठीक है, आंटी।" त्या शब्दांत काय होतं ते शोधायची गीताबाईला आयुष्यात पहिल्यांदाच भीती वाटली.

संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या वेळी पिंकी टेबलाशी आली. तिनं पिशवीची चेन उघडली, तोंड मोठं केलं आणि पिशवी गीताबाईसमोर ठेवून उभी राहिली. डबा, कंगवा, चाव्या, औषध. गीताबाई म्हणाली, बाई, काहून असं करतं? म्या सांगतलं ना साऱ्यायले. पिंकी शांतपणे म्हणाली, "देख लीजिए। मुझे अच्छा लगेगा।"

गीताबाईनं न बघता चेन लावली आणि पिशवी तिच्या खांद्याला अडकवली. पोरगी गेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पिशवी पुन्हा टेबलावर होती, उघडी. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीही.