वगळलेले शब्द

पाहुण्यानं चमचा ताटावर आपटला आणि म्हणाला, "शांतता. सभागृहाचं काम सुरू झालंय."

सगळे हसले. मी हॉलच्या मधोमध उभी. हात ओले, पदर खोचलेला. रविवारची दुपार. बंगळूरच्या कोरमंगलातलं आमदार साहेबांचं घर. टेबलाशी साहेब, त्यांची बायको, जिला आम्ही अम्मा म्हणायचो, आणि दोन पाहुणे. तेही आमदारच. चमचा वाजवणारा अध्यक्ष झाला होता.

मी काय केलं होतं? स्वल्प बोलायचंय सार, एवढंच म्हटलं होतं.

आम्ही मातंग. आजा केरसुण्या आणि दोरखंड विकत विकत बंगळूरला आला आणि इथलाच झाला. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. के. आर. पुरमला रुळांपलीकडं आमची झोपड्यांची ओळ होती. आई साहेबांकडं भांडी-धुणं करायची. मी झाडलोट करायचे आणि संडास धुवायचे. आम्हाला मागचं दार. आमचा पाण्याचा पेला वेगळा, मागच्या भिंतीवर पालथा घातलेला.

त्या आठवड्यात पालिकेची माणसं आली आणि आमच्या दारांवर चुन्यानं फुल्या मारून गेली. घरं पाडणार म्हणाली. वहिनीला नववा महिना लागलेला. मतं मागायला साहेब आमच्याच ओळीत आले होते, तेव्हा म्हणाले होते, तुमचा प्रश्न मी सभागृहात मांडतो. म्हणून मी बोलायला गेले. आई नको म्हणत होती. पाहुणे जाऊ देत म्हणत होती. पण पाहुणे गेले की साहेब झोपायचे आणि उठले की गाडीत बसायचे. आमच्यासाठी वेळ कधीच नसायचा.

अध्यक्ष झालेल्यानं विचारलं, आधी सूचना दिली होती का? मी नाही म्हटलं. मग हे नियमात बसत नाही, तो म्हणाला, पण सभागृह दयाळू आहे, बोल. आधी 'माननीय अध्यक्ष महोदय' म्हण.

मी म्हटलं. मला वाटलं, थट्टा करतील आणि मग ऐकतील.

सांगितलं, आमची घरं पाडणार आहेत. वहिनीचे दिवस भरत आलेत. आम्हाला नळ नाही, संडास नाही, बायका अंधारात रुळावर जातात, तरी कधी काही मागितलं नाही. फक्त घर राहू द्या.

"हरकतीचा मुद्दा," दुसरा पाहुणा म्हणाला. "जेवताना संडास? हा शब्द असंसदीय आहे."

"कामकाजातून वगळला." चमचा आपटला. "तो शब्द न वापरता पुन्हा बोल."

रोज सकाळी मी त्या घराचा संडास घासायचे. तेव्हा कुणाची हरकत नव्हती.

मी पुन्हा बोलले. तो शब्द गाळून. मग 'रूळ' वगळला, कारण रेल्वे हा केंद्राचा विषय, राज्याच्या सभागृहाला त्यावर बोलता येत नाही. मग 'वहिनी' वगळली, खाजगी बाब म्हणून. 'पाडणार' वगळलं, प्रकरण कोर्टात असू शकतं म्हणे. दर वेळी चमचा. दर वेळी मी पहिल्यापासून. हसून हसून अम्मांना ठसका लागला. साहेबांनी त्यांना पाणी दिलं.

शेवटी माझ्याकडं 'माननीय अध्यक्ष महोदय' एवढंच उरलं. तेवढंच म्हटलं. त्यावर ते सगळ्यात जास्त हसले.

मग साहेबांनी आईला मोरीतून बोलावलं. ड्रायव्हर अण्णालाही. आता आवाजी मतदान घ्यायचं होतं. हिच्या बाजूचे असतील त्यांनी होय म्हणावं, अध्यक्ष म्हणाला. कुणी बोललं नाही. विरुद्ध असतील त्यांनी नाही म्हणावं. पाहुणे ओरडले. अम्माही नाही म्हणाल्या. अण्णा खाली बघून नाही पुटपुटला.

साहेब आईकडं बघत राहिले. "तुझा आवाज ऐकू आला नाही."

तिच्या हाताला अजून राख होती. तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

"नाही," आई म्हणाली.

"ठराव फेटाळला."

मी रडेन असं त्यांना वाटलं असावं. मलाही वाटलं होतं. पण डोळे कोरडे. 

मी टेबलापाशी गेले. त्या टेबलाला आमचा हात लागलेला चालायचा नाही. मी पाहुण्याच्या हातातून चमचा काढून घेतला. म्हटलं, "आम्ही रुळावर हागतो आणि सकाळी येऊन तुमचा संडास धुतो. माझी वहिनी बाळंत होणार आणि तुम्ही तिचं घर पाडणार. आता वगळा."

अम्मांनी ताट दूर सारलं. विटाळलं होतं. मी चमचा सांबारात टाकला आणि पुढच्या दारानं बाहेर पडले. आई मागंच राहिली. तिला ती सगळी भांडी घासायची होती.

संध्याकाळी घरी आली तेव्हा म्हणाली, तू उद्यापासून येऊ नको म्हणालेत. मी 'सरी', बरं, एवढंच म्हटलं. 

घरं पाडलीच. आम्ही ताडपत्री ताणली. वहिनी तिथंच बाळंत झाली. मूल जगलं नाही. आई मात्र त्या घरी जात राहिली, कारण आता घरात तिचाच पगार होता.

मरेपर्यंत ती म्हणायची, माझ्या 'नाही'नं घर पडलं. मी सांगून थकले. तू होय म्हणाली असतीस तरी पडलंच असतं, तो खेळ होता, तुझ्या मताला तिथं किंमत नव्हती. तिनं ऐकलं नाही. खेळातलं मत ते विसरून गेले असतील. तिनं ते जन्मभर वाहिलं. घराचं मी एक वेळ सोडून देईन. आईचं सोडणार नाही.

आता वस्तीचं काम निघालं की मी बायका घेते आणि आमदाराच्या फाटकाबाहेर बसते. आतून निरोप येतो, एकट्या या, बसून बोलू, कॉफी घ्या. मी जात नाही. बोलायचं तर त्यांनी बाहेर यायचं. उन्हात उभं राहायचं, सगळ्या बायकांसमोर, आणि आम्ही सांगू ते शेवटपर्यंत ऐकायचं. तोवर फाटक आम्ही अडवणार. गाडी निघू देणार नाही.